वरचा बोल्ट

२ जानेवारी, गुरुवार

रेल्वेत होतो तेव्हा दिवसभराचं काम वहीत लिहावं लागायचं. दौंडच्या शेडमध्ये फिटर म्हणून एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. यंदा पतसंस्थेनं डायरी दिली म्हणून बसलोय.

काल भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला जाऊन आलो. गर्दी फार. अनसानं, म्हणजे बायकोनं, पूर्ण वेळ माझं उजवं मनगट धरून ठेवलं होतं. चुकामूक व्हायची तिला पहिल्यापासून भीती.

आता लिहायला बसलो त्याचं खरं कारण लिहितो. माझा उजवा हात थरथरतो. कामात असला की कमी, रिकामा असला की जास्त. अंगठा बोटावर आपोआप फिरत राहतो, कुणी वात वळत बसल्यासारखा. हे घरात कुणाला माहीत नाही. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला, दीक्षाला, तर नाहीच नाही.

म्हणून स्वतःशीच एक पैज लावली आहे. घराशेजारच्या शेडमध्ये आपली शहात्तर सालची अँबेसेडर दोन पावसाळे उभी आहे. चावी फिरवली की नुसतं ‘टक’ होतं. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारा स्टार्टर, गेलाय. तो सेल्फ मी एकट्यानं, माझ्या हातानं खाली उतरवायचा. उतरला तर हाताला काही झालेलं नाही, म्हातारपण आहे, संपलं. नाही उतरला तर दीक्षाला सांगायचं.

५ जानेवारी, रविवार

बॅटरीच्या तारा सोडल्या. ऑइल फिल्टर काढला. स्पार्कच्या तारा जिथून निघतात त्या डेल्कोची टोपी काढून तारांना चिकटपट्टीवर नंबर घातले.

ज्याला या गाडीची माहिती नाही त्याला वाटेल, दोन बोल्ट तर आहेत. पण सेल्फ इंजिनाच्या उजव्या कुशीत अगदी तळाला बसलाय. त्याच्या डोक्यावर डेल्को, शेजारून स्टेअरिंगची दांडी उतरते. खालचा बोल्ट गाडीखाली झोपलं की दिसतो. वरचा कुणालाच दिसत नाही, बनवणाऱ्यालाही दिसला नसेल. तो बोटांनी बघायचा.

दुपारी मागच्या सीटवर पडलो. आमच्या खुटबावात सध्या सगळीकडे गुळाचा वास आहे. गुऱ्हाळं दिवसभर चालतात, त्या वासानं झोप येते. स्वप्नात गाडी पाण्यावर चालली होती, कॅनॉलच्या पाण्यासारखी सावकाश, आणि मी मागं बसलो होतो. पुढं कुणी नव्हतं. भीती वाटली नाही. पॅसेंजर गेली तिच्या आवाजानं जाग आली, तरी बराच वेळ वाटत होतं की आपण अजून वाहतोय.

अनसानं चहा आणला. हल्ली कप अर्धाच भरते. म्हशीनं दूध कमी केलं असावं.

९ जानेवारी, गुरुवार

गाडी लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर, चढवून खाली झोपलो. खालच्या बोल्टाला कालच डिझेल पाजून ठेवलं होतं. सकाळी नऊला सुरुवात केली, साडेअकराला सुटला. पूर्वी हे काम विडी संपायच्या आत व्हायचं. पाना तीनदा हातातून निसटला, एकदा गालावर पडला.

“काय पडलं वं?” अनसा दारातून.

“पाना.”

“लागलं का?”

“न्हाई. जबडा झिजलाय पान्याचा, धरत न्हाई.”

 तिनं शिलाई मशीन घरातून उचलून शेडच्या दाराशी आणून मांडली. घरात ऊन येत नाही म्हणाली. आता दिवसभर तिची मशीन खडखडते आणि मी खाली पडून तिचे पाय बघतो. पायटा वरखाली होतो. डोळे मिटले की वाटतं आपण आगगाडीत आहोत.

माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून तिनं टिचबटणं लावली आहेत. चांगली बटणं आता मिळत नाहीत म्हणते. टिचबटण नुसतं दाबलं की बसतं. बरंच झालं.

१५ जानेवारी, बुधवार

वरचा बोल्ट. आज चार वेळा हात घातला.

पहिल्यांदा बोल्ट सापडला, पाना सापडत नव्हता. दुसऱ्यांदा पाना डोक्यावर बसला, पण मी जोर लावण्याआधीच तो थरथरायला लागला. लोखंडावर लोखंड, टकटकटकटक, सुतारपक्ष्यासारखं. मला वाटलं हा आवाज पार रस्त्यापर्यंत जातोय. गुऱ्हाळाचं इंजिन चालू होतं म्हणून वाचलो. तिसऱ्यांदा डावा हात घालून बघितला, डावा तिथं पोचत नाही. चौथ्यांदा पाना आत पडला आणि मी तो काढलाच नाही. तसाच बोनेटवर कपाळ टेकून उभा राहिलो. पत्रा उन्हानं कोमट झाला होता. किती वेळ उभा होतो कळलं नाही.

दौंडच्या शेडमध्ये मला लोक ‘डोळे झाकून फिटिंग करणारा’ म्हणायचे. ते खरंच होतं. आजही डोळे झाकले की तो बोल्ट मला स्वच्छ दिसतो. हातालाच दिसत नाही.

या डायरीच्या रेघा यंदा जवळजवळ मारल्या आहेत वाटतं. अक्षर बारीक काढावं लागतंय.

१८ जानेवारी, शनिवार

आज गाडीला हात लावला नाही.

अनसा आठवड्यापासून सकाळी सातलाच बाहेर पडते. केडगावच्या विहारात बायकांची मीटिंग असते म्हणे. चपलेऐवजी दीक्षाचे जुने बूट घालून जाते. थंडी आहे, ठीक आहे. नऊला परत येते तेव्हा चेहरा लाल झालेला असतो. बायकांत काय वादावादी चालते कोण जाणे.

जेवताना मला विचारलं, “हाफ क्लच म्हंजी नेमकं काय वं?”

मला बरं वाटलं. बत्तीस वर्षांत तिनं गाडीबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं. ताटातच दोन भाकरी समोरासमोर धरून दाखवलं, ही फिरतीया, ही थांबलीया, हळूच एकीला दुसरी टेकवायची. तिनं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातातल्या भाकरी काढून घेतल्या आणि म्हणाली, “समजलं. जेवा आता.”

संध्याकाळी ती परसात जाऊन दीक्षाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. पोरीसाठी स्थळबिळ आलं असणार. मला शेवटी सांगतील.

२२ जानेवारी, बुधवार

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं.

सकाळपासून पुन्हा वरच्या बोल्टाशी झुंजत होतो. अकराच्या सुमाराला मशीनची खडखड थांबली. अनसा येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

“माझा हात घालून बघू का? तुमचा पंजा केवढा हाय, आन् ती जागा केवढी.”

मला हसूही आलं आणि हायसंही वाटलं. खरंच की, पंजा मोठा आहे माझा. तिला कारण आपोआप सापडलं.

“व्हय,” म्हटलं, “माझा हात जाडच पडतो. तुझा बारीक हाय, जाईल.”

तिनं बांगड्या काढून डॅशबोर्डवर ठेवल्या, पदर खोचला, मडगार्डवर गोधडी टाकून तीवर ओणवी झाली. कोपरापर्यंत हात आत गेला, मग खांद्यापर्यंत. तोंड माझ्याकडे. गाल बोनेटच्या कडेला टेकलेला.

“काय बी दिसत न्हाई,” ती म्हणाली.

“बघायचंच न्हाई. डोळं मिट.”

तिनं मिटले. मीही मिटले.

“आता बोटं खाली सोड. गोल, गार लागंल. तवल्याच्या पोटावानी.”

“लागलं.”

“तो सेल्फ. त्याच्या अंगावरनं मागं सरक. मागं, माझ्याकडं न्हाई, सीटकडं. एक भिंत येईल.”

“आली. खडबडीत हाय.”

“भिंतीवरनं वर चढ. एक कंगोरा लागंल, त्याच्यापल्याड खळगी.”

तिचा खांदा आणखी आत गेला. श्वास तेवढा ऐकू येत होता. मला तिचं बोट दिसत होतं, खरंच दिसत होतं, अंधारात चाललेलं, कडेकडेनं, पहिल्यांदा सासरी आलेल्या बाईनं चाचपडत न्हाणी शोधावी तसं. आणि त्या अंधारात मी आधीच जाऊन उभा होतो. तिथं हात थरथरत नव्हता. तिथं हातच नव्हता.

“हाय,” ती म्हणाली. “सहा कोपरं हायती.”

“मोजलेस?”

“न बघता सुईत दोरा घालती मी. सहा न मोजायला काय झालं.”

रिंग पाना तिच्या हातात दिला. पहिल्या झटक्यात बसवला. बारा वाजता बोल्ट हलला, वीत-अर्धी वीत नव्हे, केसभर. किर्र असा आवाज झाला. आम्ही दोघांनी एकदमच डोळे उघडले. तिच्या गालावर बोनेटच्या कडेची लाल रेघ उमटली होती.

तिला काही कळलेलं नाही. देवावर विश्वास असता तर त्याचे आभार मानले असते.

२३ जानेवारी, गुरुवार

सेल्फ उतरला.

ती वरून, मी खालून. छातीवर पोतं घेतलं होतं. तिनं शेवटचा आटा सोडला, मी तोंडाकडून ओढून तिरका केला आणि तो अलगद माझ्या छातीवर येऊन पडला. आठ-नऊ किलोचं धूड, तेलकट, गार. दोन्ही हात त्याच्यावर ठेवून तसाच पडून राहिलो. दीक्षा जन्मली तेव्हा तिला असंच छातीवर घेऊन पडायचो, ते आठवलं.

मग बघितलं तर माझा उजवा हात त्याच्यावर थरथरत होता आणि सेल्फची सुटी वायर त्याच्याबरोबर थरथरत होती. वर बघितलं. इंजिनाच्या फटीतून अनसाचा एक डोळा दिसला. बराच वेळ तो तिथंच होता. खाली अंधार असतो, तिला काय दिसणार.

“दमलाव?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“पडा जरा. मी हाय हितंच.”

पैजेचं काय ते ठरवता येत नाही. एकट्यानं उतरवला नाही. पण उतरला. ना जिंकलो, ना हरलो. दीक्षाला फोन करायचा की नाही, याचा विचार करतोय.

२५ जानेवारी, शनिवार

सेल्फ पिशवीत घालून दोघं रेल्वेनं दौंडला गेलो. पिशवी अनसानं उचलली. जयसिंगचं मोटर भरायचं दुकान अजून तिथंच आहे. मी नोकरीत होतो तेव्हापासूनचा दोस्त. त्यानं उघडून दाखवलं, कार्बन झिजून नखाएवढे उरलेले, बुश गेलेलं, बेंडिक्सचं दातेरी चाक गंजून अडकलेलं. आतलं फिरतं आर्मेचर मात्र चांगलं आहे म्हणाला.

आर्मेचर बघायला माझ्या हातात दिलं तेव्हा जयसिंग माझ्या हाताकडं बघून म्हणाला, “सोपानराव, हात का हालतुया?”

मी काही बोलायच्या आत अनसा म्हणाली, “उभ्यानं आलो गाडीत, दांडीला लोंबकळून. हात भरून आलाय त्यांचा.”

आम्हाला तर दोघांनाही खिडकीची जागा मिळाली होती. विसरली असेल. तिच्या विसराळूपणानं माझी लाज राखली.

२ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्त होऊन आलेला सेल्फ बसवला, त्याला तीन दिवस लागले. वरचा बोल्ट पुन्हा तिनंच लावला, या खेपेला मी सांगायच्या आधीच तिची बोटं पोचली.

चार वाजता मी चालकाच्या जागेवर बसलो, ती डावीकडे. चावी फिरवली. सेल्फ असा गरगरून फिरला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दुसऱ्या फिरवणीला इंजिन लागलं. धूर झाला, घरभर पसरला.  गाडी तिच्या जुन्या पद्धतीनं हलत होती, तिच्यात माझा हात हलतोय की गाडी, हे मलाही सांगता येत नव्हतं. मला वाटलं सगळं जागेवर आलं.

शेडबाहेर काढली. उसाच्या बांधालगतच्या रस्त्याला घेतली. पुढं कॅनॉलला वळण आहे. वळणावर स्टेअरिंग फिरवायला गेलो आणि हात फिरला नाही.

थरथरला असं नाही. थांबला. मी त्याला सांगत होतो, फिर, आणि तो माझा नसल्यासारखा चाकावर ठेवलेला. पायही तसाच. समोर कॅनॉलचं पाणी येत होतं, सावकाश, फार सावकाश, ऊन पडलेलं, वर उसाचे तुरे पडलेले. मला ते सुंदर दिसलं. असं वाटायला नको होतं, पण तसं वाटलं.

अनसानं उजवा हात माझ्या छातीवर आडवा धरला आणि डाव्यानं चावी बंद केली. गाडी दोन आचके देऊन थांबली. पुढचं चाक भरावाच्या मातीत.

शांत झालं. रेडिएटर तेवढा टिकटिकत होता.

मग मी सांगितलं. कशापासून सुरुवात केली आठवत नाही. हाताचं सांगितलं, पान्याचं, पैजेचं. ती पाण्याकडे बघत ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, “व्हय.”

“व्हय म्हंजी?”

“म्हंजी ठाव हाय मला.”

“कवापासनं?”

“पावसाळ्यात, वर्षावासात विहारात वाचाय बसला हुता तुमी. हातातला कागद वाजत हुता. वारं न्हवतं. दुसऱ्या दिशी तुमी चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून वाचन सोडलं.”

सहा महिने. मी हिशेब लावत बसलो. मला राग यायला हवा होता, तो आला नाही. खोल पाण्यातून चालताना पायाला एकदम फरशी लागावी तसं झालं.

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी बोलंपतूर थांबायचं ठरवलं हुतं. दीक्षाला बी दमच धरायला लावला. गुरुवारची डॉक्टरची येळ घेतलीया तिनं.” मग म्हणाली, “सरका आता हिकडं. मागं घ्यायला पायजे गाडी.”

“कोण घेणार?”

तिनं दार उघडलं, वळसा घालून माझ्या बाजूला आली, शिलाईच्या पिशवीतून लाल ‘एल’ लिहिलेली पाटी काढून माझ्या मांडीवर ठेवली. केडगावच्या मोटार स्कूलमध्ये अठरा दिवस जात होती. मीटिंग वगैरे काही नव्हतं.

गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा मागं आली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याला जाऊन आलो. दीक्षा स्टेशनवर आली होती. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही, रस्ता ओलांडून झाल्यावरही.

डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. बरा होत नाही, पण सांभाळता येतो म्हणाले. गाडी चालवू नका म्हणाले. ते मला कॅनॉलनं आधीच सांगितलं होतं.

कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. मी ‘मुक्काम खुटबाव, तालुका दौंड’ असं लिहिलं. ते बराच वेळ अक्षराकडे बघत राहिले, कागद फायलीत लावून ठेवला. अक्षर माझं शाळेपासून चांगलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. दुपारी खूप झोप येते. आज स्वप्नात दौंडच्या शेडमध्ये होतो, सगळी इंजिनं उघडी होती आणि मी एकेकाच्या आत दिवा घेऊन फिरत होतो. कुणी काम सांगत नव्हतं.

सकाळी अनसाला शाळेच्या मैदानावर गाडी मागं घ्यायला शिकवतो. चिडते. मी ‘क्लच, क्लच’ म्हटलं की म्हणते, “एकदा सांगा, दोनदा नगा.” शेडमध्ये माझ्या हाताखालचे फिटर हेच मनात म्हणत असतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज शिरूरला गेलो. अनसाची थोरली बहीण साखरबाई तिथं असते, गुडघ्यांमुळे वर्षभर घराबाहेर पडलेली नाही. अनसाला तिला गाडीत बसवून घोडनदीच्या काठानं एक फेरी मारून आणायचं होतं.

पुढं ‘एल’, मागं ‘एल’. लायसनवाला माणूस शेजारी बसलेला लागतो, तो मी. तेवढ्यापुरतं माझं लायसन कामाला आलं. चौफुल्याला हायवे ओलांडताना तिनं ओठ असा दाबला होता की मला बत्तीस वर्षांपूर्वीची नवरी आठवली. नंतर सरावली. तिसऱ्याच्या वर गियर टाकायला मात्र तयार नव्हती. मागं उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत होते. “जाऊ द्या त्यांना,” ती म्हणायची, आणि ते जायचे.

पारगावजवळ भीमेच्या पुलावर आलो. या पुलावरून मी वीसेक वर्षं गाडी नेली असेल. समोरची गाडी, आरसा, कठडा, एवढंच बघत गेलो. डाव्या बाजूला बसून आज पहिल्यांदा ओलांडत होतो.

“मला नदरा काढता येत न्हाई रस्त्यावरनं,” ती म्हणाली. “काय काय हाय सांगा की.”

“पाणी हाय. भरपूर. हिरवं न्हाई, निळं बी न्हाई. दुधी.”

“आन्?”

“पाण्याच्या मोटारींचे पायपं उतरलेत काठानं. एक माणूस थर्माकोलच्या पाटावर बसून जाळं सोडतुय. वल्हं म्हणून ताटली वापरतोय.”

“ताटली?”

“जेवणाची. दोन्ही हातांत एकेक.”

ती हसली, पण मान वळवली नाही. “आन्?”

“बगळं. लई. मधल्या खडकावर बसलेत, सगळी तोंडं एकीकडंच. त्याच्या पल्याड म्हशी. नुसती डोकी वर. एकीच्या डोक्यावर चिमणी का काय बसलीया.”

मी सांगत होतो आणि गाडी सावकाश चालली होती, इतकी सावकाश की ते सगळं सरकत नव्हतं, आमच्याबरोबरच येत होतं. उजवा हात मांडीवर होता. तो त्याचं काम करत होता, मी माझं.

“थांबलाव का? सांगा की.”

“पूल संपला.”

“आसू द्या,” ती म्हणाली. “येताना तुमी दुसऱ्या अंगाला असाल. तवा तिकडचं सांगा.”